ॲलिस स्प्रिंग्जचं जुनं तारघर: उलुरूच्या वाटेवर अर्धा दिवस याला द्या

रानजाई

ऑस्ट्रेलियाच्या सहलीचे धागे इथे बरेच आहेत. त्यात ॲलिस स्प्रिंग्ज येतं ते फक्त उलुरूच्या, म्हणजे त्या प्रसिद्ध प्रचंड लाल खडकाच्या, आधीचा थांबा म्हणून. विमानातून उतरायचं, भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि साडेचारशे किलोमीटरवरच्या उलुरूकडे सुटायचं. आम्ही यंदा जुलैत गेलो तेव्हा बेत थोडा बदलला आणि गावाच्या उत्तरेला चार किलोमीटरवर असलेल्या जुन्या तारघरासाठी वेळ ठेवला. माझं आता ठाम मत झालंय की मध्य ऑस्ट्रेलिया समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. गोरे लोक एवढ्या आत कशासाठी आले, टिकले कसे आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे सगळं या एका आवारात बघायला मिळतं.

आधी तारेबद्दल. १८७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींना लंडनची खबर बोटीनेच यायची, त्यात दीड-दोन महिने सहज जायचे. समुद्राखालची तार जावापर्यंत येणार हे नक्की झाल्यावर ती डार्विनला आणून पुढे जमिनीवरून दक्षिणेला न्यायचं ठरलं. हे काम क्वीन्सलंड वसाहतीलाही हवं होतं. साउथ ऑस्ट्रेलिया वसाहतीने (राजधानी ॲडलेड) ते मिळवलं, पण १ जानेवारी १८७२ पर्यंत लाइन तयार करून देण्याच्या बोलीवर. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, जवळपास ३२०० किलोमीटर! ज्या मुलखातून ती न्यायची तो आरपार पार करून परत आलेली युरोपीय तुकडी एकच होती, जॉन मॅकडूअल स्टुअर्टची, तीही अवघ्या दहा वर्षांपूर्वीची.

वसाहतीचा टपाल आणि तार खात्याचा प्रमुख होता चार्ल्स टॉड. त्याने कामाचे तीन भाग केले: दक्षिण आणि उत्तर ठेकेदारांकडे, मधला सगळ्यात अनोळखी भाग सरकारी तुकड्यांकडे. मार्च १८७१ मध्ये विल्यम व्हिटफील्ड मिल्स या सर्व्हेअरला मॅक्डोनेल डोंगररांगेतून वाट मिळाली आणि कोरड्या नदीपात्रात पाणी दिसलं. नदीला टॉडचं नाव दिलं गेलं आणि पाण्याला त्याच्या बायकोचं, ॲलिसचं. पात्राच्या तळाशी ग्रॅनाइट आहे, त्यामुळे वरची वाळू सुकली तरी तिथे पाणी धरून राहतं. इथल्या अरेर्न्ते आदिवासी लोकांना हा पाणवठा पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. त्यांचाच होता तो.

लाइनला सुमारे ३६,००० खांब लागले. उत्तरेकडे पावसाळ्याने काम बसलं आणि ठेकेदारांकडून ते काढून सरकारला स्वतःकडे घ्यावं लागलं. मुदत उलटून गेली तरी मधला तुकडा बाकीच होता, तेव्हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घोडेस्वार संदेश पोचवत. त्यातच जून १८७२ मध्ये समुद्राखालची केबल तुटली आणि टॉडला थोडी उसंत मिळाली. २२ ऑगस्ट १८७२ ला फ्रूज पाँड्स इथे दोन टोकं जोडली गेली. केबल दुरुस्त होऊन ऑक्टोबरमध्ये लंडन आणि ॲडलेड थेट बोलू लागले.

तारघर म्हणजे एक इमारत नाही. स्थानिक दगडातल्या बैठ्या इमारतींची छोटी वस्तीच आहे: तार कचेरी, तारमास्तरांचं घर, माणसांची बराक, लोहारकाम आणि घोड्यांना नाल ठोकायची जागा, गाडीखाना. भिंती चांगल्या जाड. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आतल्या खोल्यांत गारवा जाणवतो. कचेरीतल्या टेबलावर किल्ली (दाबून संदेशाचे ठोके पाठवायची) आणि साउंडर (आलेले ठोके ऐकवणारं यंत्र) मांडलेत. शेजारी बॅटऱ्यांची खोली. बॅटऱ्या म्हणजे काचेची भांडी, त्यात जस्त, तांबं आणि क्षारांचं पाणी. यांना माइडिंगर सेल म्हणत. अशी कितीतरी भांडी ओळीने जोडून वीज मिळवायची, त्यांच्यात पाणी घालायचं, झिजलेलं जस्त बदलायचं. अंगणात खांब आहे आणि त्याच्यावरून तार खोलीत येते. मला हीच जागा सगळ्यात आवडली, कारण इथे उभं राहिलं की सगळी यंत्रणा एका नजरेत कळते.

पण तारघर १९३२ मध्ये गावात हललं आणि त्यानंतर या इमारतींचं जे झालं, ते चुकवू नका. त्याच वर्षी इथे 'द बंगलो' नावाची संस्था आणली गेली. आदिवासी आई आणि गोरा बाप असलेल्या मुलांना सरकारी धोरणानुसार आयांपासून तोडून इथे ठेवत. ज्या आवारात तारमास्तरांची मुलं आईबापांजवळ वाढली, त्याच आवारात ही मुलं आईविना वाढली. १९४२ मध्ये लष्कराने जागा घेतली तेव्हा त्यांना आणखी लांबच्या मिशनांमध्ये पाठवलं. पुढे आदिवासी हक्कांसाठी लढलेले चार्ल्स पर्किन्स १९३६ मध्ये इथेच जन्मले. ती खोली, ते फोटो, तिथे राहिलेल्यांच्या आठवणी, सगळं तारेच्या सामानाला लागूनच मांडलंय. आमच्यासोबत आलेले बरेच जण त्या दालनातून झपाझप पुढे गेले. कृपा करून तसं करू नका.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं सांगते.

खडकवासला_एक्स्प्रेस

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: एवढ्या उजाड भागात तारघर बांधायचंच कशाला? तार आहे ना, सरळ ॲडलेडपर्यंत का नाही जात?

रानजाई

@खडकवासला_एक्स्प्रेस, तार जाते, पण सिग्नल टिकत नाही. लोखंडी तार, त्यात बॅटरीची वीज, आणि खांबागणिक थोडी गळती. अडीचशे-तीनशे किलोमीटरनंतर सिग्नल इतका मंद होतो की वाचता येत नाही. म्हणून तेवढ्या अंतरावर एकेक ठाणं: बेल्टाना, स्ट्रँगवेज स्प्रिंग्ज, पीक, शार्लट वॉटर्स, ॲलिस, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, पॉवेल क्रीक, डेली वॉटर्स, कॅथरिन अशी रांग. प्रत्येक ठाण्यावर माणूस बसलेला. तो आलेला संदेश कानाने टिपून कागदावर उतरवणार आणि पुढच्या ठाण्याला पुन्हा किल्लीवर वाजवणार. म्हणजे लंडनहून आलेली लोकरीच्या भावाची तार ॲडलेडच्या व्यापाऱ्याच्या हाती पडेपर्यंत वाळवंटातल्या प्रत्येक तारमास्तराच्या हातून गेलेली असे. आपोआप पुढे ढकलणारी यंत्रं नंतर आली.

तारखात्यातला

वय ७४, आयुष्य तार खात्यात गेलं, म्हणून राहवलं नाही.

रानजाई ताई, तुम्ही 'कानाने टिपून' लिहिलंत ते अगदी बरोबर. बाहेरच्या माणसाला वाटतं की मोर्स लिपीतली टिंब आणि रेघ ऐकू येते. साउंडरमधून फक्त कट्ट आणि कडकट्ट येतं. दोन ठोक्यांमधलं अंतर किती, त्यावरून अक्षर ओळखायचं. नवीन पोरगा अक्षरं मोजतो. हात बसला की कान अख्खा शब्द उचलतो आणि पेन्सिल आपोआप मागे चालते. आमच्याकडे तर चहा पिता पिता तार घेणारे होते. आणि समोर कोण बसलंय हे त्याच्या हातावरून कळायचं. आम्ही न भेटलेल्या माणसांना त्यांच्या ठोक्यांवरून ओळखायचो. बदली झाली की पलीकडचा विचारायचा, आज हात वेगळा, कोण तुम्ही?

त्या वाळवंटात दोन-चार माणसांसोबत वर्षानुवर्षं काढणाऱ्यांना तारेवरची ही सोबत किती मोठी असेल, हे मी समजू शकतो. आडगावच्या ऑफिसात मीही रात्रपाळ्या केल्यात. लाइन मोकळी असली की पलीकडच्याशी दोन शब्द बोलून घ्यायचे, घरचं विचारायचं.

चूक झाली तर काय होतं तेही सांगतो. मजकूर व्यापारी सांकेतिक भाषेत असला की अर्थावरून सुधारता येत नाही. एक अक्षर हुकलं की सौदाच उलटा. म्हणून संशय आला की थांबवून पुन्हा मागायची, त्यात कमीपणा नाही. आणि एकाच तारेच्या हातोहात डझनभर नकला होत असतील तर पहिल्या माणसाची चूक शेवटापर्यंत जाते. त्या लोकांची एकाग्रता काय असेल!

आपल्याकडे १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या. त्या दिवशी ऑफिसात रांग लागली होती. एरवी कुणी फिरकत नव्हतं.

मीनल_सिडनी

काका, तुमच्या प्रतिसादासाठी वेगळा धागा हवा. लिहाच.

पेठेतला_भटक्या

या लाइनचा आपल्याशी थेट संबंध आहे आणि तो फार लोकांना माहीत नसतो. ॲडलेडहून लंडनला जाणारी तार डार्विन, जावातलं बान्युवांगी, सिंगापूर, पेनांग अशी मद्रासला यायची. मद्रासहून जमिनीवरून मुंबई. मुंबईहून समुद्राखालून एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंड. मुंबई ते एडन ही केबल १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जहाजाने टाकली. ते जहाज मुंबईसमोर नांगरून पडलं होतं. म्हणजे ॲलिस स्प्रिंग्जच्या तारमास्तराने वाजवलेला मजकूर काही तासांत मुंबईच्या तारवाल्याच्या कानावर पडायचा. सुरुवातीला वीस शब्दांना जवळपास १० पौंड पडत, तेव्हा शब्द किती जपून वापरत असतील बघा.

मला शाळेत दोन्ही गोष्टी शिकवल्या, पण वेगवेगळ्या धड्यांत. एकाच तारेवरची ही दोन ठिकाणं आहेत हे ॲलिसच्या नकाशासमोर उभं राहिल्यावर समजलं.

ॲडलेडची_काकू

इथे वीस वर्षांहून जास्त काळ राहते, आमच्याकडे पाहुणे आले की हा विषय निघतोच. त्यात भर घालते.

लाइनच्या कामात आणि नंतर ठाण्यांना शिधा पोचवण्यात उंटांचा मोठा वाटा होता. टॉमस एल्डर या उद्योजकाने १८६६ मध्ये कराचीहून शंभराच्या वर उंट आणि त्यांचे सारवान पोर्ट ऑगस्टाला उतरवले. इथे त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी अशी बरीच माणसं होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं! पीठ, साखर, चहा, बॅटरीचं सामान, लोखंडी खांब, सगळं उंटाच्या पाठीवरून जायचं. रेल्वे ॲलिसला पोचली ती १९२९ मध्ये, आणि 'घान' हे तिचं नाव या सारवानांवरूनच पडलं असं इथे मानतात. मरी या गावात जुन्या मशिदीची जागा आणि त्यांच्या वंशजांची घरं अजून आहेत.

लोखंडी खांब का, तर उत्तरेकडचे लाकडी खांब वाळवीने फस्त केले म्हणून.

सातारकर_इंजिनीयर

सगळं वाचलं. अभियंता म्हणून मला वाटतं की दोन वर्षांत, पाण्याचा पत्ता नसलेल्या मुलखात ३२०० किलोमीटर लाइन टाकणं हेच इथलं मुख्य. बंगलोचा इतिहास दुःखद आहे, नाकारत नाही, पण तो दुसऱ्या काळाचा आणि दुसऱ्या खात्याचा. तारघर बघायला गेलेल्या माणसाने तार बघावी. प्रत्येक जुन्या वास्तूत अपराधाची यादी वाचत बसलो तर कौतुक कशाचं करायचं?

रानजाई

@सातारकर_इंजिनीयर, कौतुक मीही केलंय आणि मनापासून केलंय. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत असं माझं मत आहे. ठाणी कुठे बांधली? जिथे पाणी होतं तिथे. वाळवंटात पाणी म्हणजे आधीच कुणाचं तरी. लाइनमागे गुरं आली, गुरांनी पाणवठे तुडवले, गुरांमागे पोलीस आले. तार नसती तर हे सगळं इतक्या आत, इतक्या लवकर आलं नसतं.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण बॅरो क्रीकचं. ॲलिसच्या उत्तरेला २८० किलोमीटर, हायवेलाच लागून इमारत आहे. २२ फेब्रुवारी १८७४ च्या संध्याकाळी तिथल्या कायटेट्ये आदिवासी लोकांनी ठाण्यावर हल्ला केला. तारमास्तर जेम्स स्टेपलटन आणि लाइनमन जॉन फ्रँक्स यांचा त्यात जीव गेला. स्टेपलटन जखमी अवस्थेत पडलेला असताना ॲडलेडच्या तार ऑफिसात त्याच्या बायकोला बोलावून आणलं आणि दोघांचं शेवटचं बोलणं तारेवरून झालं. ही गोष्ट सगळे सांगतात. दोघांच्या कबरी तिथेच आहेत.

पुढचं मात्र कमी जण सांगतात. पोलीस सॅम्युअल गेसनच्या पुढाकाराने सूड घ्यायला तुकड्या निघाल्या आणि त्यांनी कितीतरी कायटेट्ये माणसं मारली. त्यांच्या कबरी नाहीत. एका जागेला नंतर 'स्कल क्रीक' नाव पडलं. हल्ला का झाला याबद्दल कायटेट्ये लोकांच्या सांगण्यात पाणवठा बळकावल्याचा आणि बायकांवरच्या अत्याचारांचा उल्लेख येतो. तारमास्तराचं शेवटचं बोलणं ऐकून डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. मग त्याच मुलखात मेलेल्या बाकीच्यांसाठीही थांबायला हवं.

तारखात्यातला

स्टेपलटनची गोष्ट आम्हाला जुन्या लोकांनी सांगितली होती, गाव आणि नाव न सांगता. त्या वेळी किल्लीवर जो बसला असेल त्याला ते सगळे शब्द आपल्या हाताने वाजवावे लागले असतील. मी मृत्यूच्या तारा खूप घेतल्या. त्या घेताना हात चालू ठेवावा लागतो.

सूड घेतल्याचा भाग मात्र आज पहिल्यांदा वाचला. सांगितलंत हे बरं केलंत.

पेठेतला_भटक्या

सातारकर, एक मुद्दा तुमच्या बाजूने आणि एक विरुद्ध. तारमास्तर सगळे एका छापाचे नव्हते. फ्रँक गिलन हा आधी शार्लट वॉटर्सला आणि १८९२ पासून ॲलिसला होता. त्याने अरेर्न्ते लोकांच्या चालीरीती, नाती, विधी यांची वर्षानुवर्षं टिपणं केली आणि बाल्डविन स्पेन्सर या प्राध्यापकासोबत १८९९ मध्ये ग्रंथ काढला. जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी तो वाचला. त्याच गिलनने १८९१ मध्ये दंडाधिकारी म्हणून चौकशी करून विल्यम विल्शायर या पोलिसाला आदिवासींच्या खुनासाठी खटल्याला उभं केलं. त्या काळी असं करायला धाडस लागत होतं.

आता विरुद्ध मुद्दा: विल्शायर निर्दोष सुटला. आणि ज्या अरेर्न्ते लोकांनी गिलनला सगळं सांगितलं, त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? त्यांच्यातल्या काही पवित्र गोष्टी बाहेरच्यांनी बघू नयेत म्हणून आज संग्रहालयांतून मागे ठेवल्या जातात किंवा परत केल्या जातात. हे सगळं तारघराच्या इतिहासातच मोडतं. 'दुसरं खातं' म्हणून बाजूला नाही करता येत.

सातारकर_इंजिनीयर

गिलनबद्दल माहीत नव्हतं. वाचतो. लाइनबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण बॅरो क्रीकला थांबेन, दोन्हीसाठी.

ॲडलेडची_काकू

एक लहानशी गोष्ट बघायला सांगते. संग्रहालयात भाल्याची टोकं ठेवलेली दिसली तर जवळ जाऊन बघा. काही पांढरीशुभ्र असतात. ती खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरची (वीज खांबात गळू नये म्हणून तारेखाली बसवलेल्या तुकड्याची) आहेत. आदिवासी कारागीर इन्सुलेटर काढून त्याचे टवके उडवत आणि दगडापेक्षाही धारदार, कडा नक्षीसारखी कापलेली टोकं बनवत. लाइनवाल्यांना त्याचा ताप व्हायचा, लाइन बंद पडायची. पण हातातलं कसब बघा! नव्या वस्तूचा गुण इतक्या पटकन ओळखला.

निशा_नाशिक

आम्ही पुढच्या वर्षी जातोय, सोबत सासू-सासरे (दोघेही सत्तरीचे) आणि सहा वर्षांचा मुलगा. झेपेल का? कोणता महिना? आणि टेनंट क्रीकचं तारघरही जमेल का?

रानजाई

@निशा_नाशिक, नक्की झेपेल. आवार सपाट आहे, इमारती जवळजवळ आहेत, झाडांच्या सावलीत बसायला बाकं आणि हिरवळ आहे. सासूबाईंना दमल्यासारखं वाटलं तर त्या तिथे बसू शकतात. तिकीट आहे, मार्गदर्शकासोबतची फेरी मिळाली तर ती घ्याच. गावापासून नदीकाठाने चालत किंवा सायकलवर यायची वाट छान आहे, पण सासू-सासऱ्यांना गाडीनेच आणा. मुलाला किल्ली वाजवून दाखवतात का ते विचारा, आणि मागच्या खडकांवर संध्याकाळी वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) दिसतात का बघा. लारापिंटा ट्रेल हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग इथूनच सुरू होतो, त्याचा पहिला छोटासा तुकडा मुलासोबत सहज होईल. मोठ्यांना जवळच्या टेकडीवर चढता आलं तर नदी, इमारती आणि मागची डोंगररांग एकत्र दिसते. जवळच लहानसं कब्रस्तानही आहे.

महिना मे ते ऑगस्ट. दिवसा छान ऊन, पण रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोप्या घ्या. डिसेंबर-जानेवारीत चाळिशीच्या वर जातं, त्या दिवसांत ज्येष्ठांना नेऊ नका. ऋतू गरम व्हायला लागला की माश्या फार, डोक्यावरून घ्यायची जाळी गावात मिळते.

ॲडलेडची_काकू

टेनंट क्रीकबद्दल मी सांगते. ॲलिसहून ५०० किलोमीटर उत्तरेला, आणि तारघर गावाच्याही पुढे डझनभर किलोमीटरवर. एका दिवसात जाऊन येणं म्हातारी माणसं आणि मूल सोबत असताना अजिबात करू नका. टेनंट क्रीकला मुक्काम करा. वाटेत बॅरो क्रीक आणि गावाच्या शंभरेक किलोमीटर अलीकडे कार्लू कार्लूचे ते प्रचंड गोल खडक बघून होतात. टी ट्री गावाच्या पुढे सेंट्रल माउंट स्टुअर्टचा डोंगरही रस्त्यावरून दिसतो.

पेट्रोल दिसेल तिथे भरा, अर्धी टाकी असली तरी. माणशी पाणी जास्तीचं ठेवा. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा, कारण अंधारात कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात रात्रीचं गावाबाहेरचं चालवणं बरेचदा धरत नाहीत. करार नीट वाचा. तीन-चार डबे जोडलेले ट्रक, म्हणजे रोड ट्रेन, पन्नास मीटरहून लांब असतात, त्यांना ओलांडताना समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याशिवाय गाडी काढू नका. फोनला बराच वेळ रेंज नसेल, घरी तसं आधीच कळवून ठेवा.

निशा_नाशिक

खूप आभार काकू आणि रानजाई. टेनंट क्रीकला मुक्काम नक्की करतो. सासरे टपाल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला, आता ते 'तारखात्यातला' काकांना विचारतायत की तुम्ही कोणत्या सर्कलला होतात?

तारखात्यातला

महाराष्ट्र सर्कल. बराच काळ विदर्भात, शेवटी पुण्यात. त्यांना नमस्कार सांगा, व्यक्तिगत निरोपातून नंबर पाठवतो. ॲलिसला गेले की साउंडर चालू आहे का ते बघायला सांगा, आणि शक्य असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.